स्कॉटलंड २०१४: चाचण्या इतक्या कशा चुकल्या?

सांजवारा: स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावं का, यावरच्या १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमताआधी दहा-अकरा दिवस यूगव्ह या सर्वेक्षण कंपनीच्या मतचाचणीत 'हो' ५१, 'नाही' ४९. निकाल लागला तो 'नाही' ५५.३, 'हो' ४४.७. मग या चाचण्यांना अर्थ काय? की लोक आयत्या वेळी कच खातात?

दर्यावर्दी: ती एक चाचणी सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण तिने लंडनची झोप उडवली. बाकी बहुतेक चाचण्यांत 'नाही'च पुढे होतं, अगदी शेवटच्यांतही: ५२-४८, ५३-४७. कोण जिंकणार ते बरोबर, किती फरकाने ते साफ चूक. शिवाय ते ५१-४९ 'अजून ठरवलं नाही' म्हणणाऱ्यांना वगळून. त्यांना धरलं तर ४७-४५.

मी तेव्हा ग्लासगोत शिकत होतो. (राष्ट्रकुलातले म्हणून तिथे राहणाऱ्या भारतीयांनाही मत होतं.) आमच्या रस्त्यावर खिडक्याखिडक्यांत निळे 'येस'. 'नाही'वाले दिसायचेच नाहीत. घरमालकीणबाईंना मत कुणाला ते विचारलं की त्या पावसाचा विषय काढायच्या. मतदान झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या पेन्शनचं कोण बघणार होतं?" चाचणीवाल्यालाही त्यांनी हेच पावसाचं सांगितलं असणार! ग्लासगोत 'हो' ५३.५ टक्के मतं घेऊन जिंकलं, एडिनबरात ६१ टक्के 'नाही'. ३२ पैकी फक्त ४ विभाग 'हो'च्या बाजूने.

कोरा_कागद: पण ५१-४९ चूक होतं कशावरून? त्या दिवशी खरंही असेल. त्यानंतरच लंडनची धावपळ सुरू झाली आणि १६ तारखेला 'डेली रेकॉर्ड'च्या पहिल्या पानावर कॅमेरन, मिलिबँड, क्लेग या ब्रिटनच्या तीन मोठ्या पक्षांच्या नेत्यांच्या सह्यांनिशी स्कॉटलंडला जादा अधिकारांचं वचन आलं. चाचणीनेच निकाल हलवला असेल तर?

दर्यावर्दी: थोडाफार हलवला असेल. पण कॅनडातल्या क्युबेक प्रांताचं वेगळं होण्याचं सार्वमत बघा, ऑक्टोबर १९९५. शेवटच्या चाचण्यांत 'हो' किंचित पुढे, निकाल 'नाही' ५०.५८, जेमतेम ५४ हजार मतांनी. तिथले जाणकार न बोलणाऱ्यांची मतं अर्धी-अर्धी वाटत नसत, जास्त वाटा 'नाही'त टाकत. स्कॉटलंडमध्ये त्यांना सरळ वगळून टक्केवारी छापली जायची.

सांजवारा: आणि सोळा-सतरा वर्षांची पोरं? त्यांनाही मत होतं ना. ७१ टक्के 'हो' असं वाचलंय.

दर्यावर्दी: तो आकडा लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट या चाचण्या करवून घेणाऱ्या ब्रिटिश उमरावाच्या मतदानोत्तर चाचणीतला. त्यात त्या वयाचे किती जण होते माहितीये? चौदा.