जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ घुसवायचे उद्योग : आपापले अनुभव लिहा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घरोघरी ठणठणीत चालणारे डेस्कटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) पाहिजे, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) पाहिजे, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर पाहिजे. पण आपण गप्प बसतोय थोडेच! कुठे अडलात, कसं सुटलं ते लिहा. फसलेले प्रयोग आधी येऊ द्या, तेच कामाला येतात. सुरुवात मीच करतो.

बाबांचा २०१२ चा असेंबल्ड पीसी, सेकंड जनरेशन आय३. इन्स्टॉल सुरू केलं की 'या पीसीवर चालणार नाही'. मग शिफ्ट एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, रेजएडिटमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचं साधन) सेटअपखाली लॅबकॉन्फिग नावाची की म्हणजे कप्पा बनवला, त्यात टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी टाळायच्या दोन डीवर्ड नोंदी, दोन्हींना १, एक पाऊल मागे जाऊन पुन्हा नेक्स्ट, आणि गाडी सुरू. कॉलर ताठ करून चहा प्यायला गेलो, येऊन बघतो तर हा परत पहिल्यापासून भाषा विचारतोय. तीनदा झालं असं. चौथ्या वेळी बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अरे तो पेनड्राइव्ह काढ की." बूट ऑर्डरमध्ये यूएसबी पहिला होता!

—

माझा कोअर टू ड्युओ. रुफसमध्ये (इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएमची अट काढायला टिक मिळते, त्यामुळे २३एच२ (११ ची २०२३ ची आवृत्ती) पटकन बसलं, मस्त चालायचं (मस्त म्हणजे क्रोम उघडायला लावून आंघोळ करून यायचं). २४एच२ टाकलं आणि लोगोवरच ढिम्म. रॅम खोडरबराने घासली, साटा केबल बदलली, दोन रविवार गेले, बायको म्हणाली आता त्याची पूजा घाला. शेवटी कळलं की २४एच२ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची इन्स्ट्रक्शन लागते आणि कोअर टू ड्युओत ती नाहीच. तपासणी चुकवता येते हो, पण प्रोसेसरात जे नाही ते कुठून आणणार. सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) एसएसई ४.२ दिसत नसेल (इंटेलमध्ये पॉपकाउंट त्याच्यासोबतच येते) तर नादाला लागू नका. माझ्या पीसीवर आता विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, क्रोम उघडायच्या आत आंघोळ होत नाही.

—

आमचा सातव्या जनरेशनचा आय५, टीपीएम नाही असंच धरून बसले होते. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावाने झोपलेला सापडला, चालू केला. त्या उत्साहात सीएसएमही (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद केलं, तर बूट डिव्हाइसच सापडेना. डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीने मांडलेली होती ना! परत सीएसएम चालू करून डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी चालवलं, व्हॅलिडेटलाच (आधीच्या तपासणीतच) नापास. त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, आमच्याकडे चार, चौथ्यात लग्नाचा व्हिडिओ. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, दोनदा उघडून बघितला, मगच पार्टिशन उडवलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. पुढे कन्व्हर्ट दोन मिनिटांत झालं. आणि एवढं करून सातवं जनरेशन ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाहीच म्हणे, म्हणजे शेवटी रुफसच.

—

एकच सांगतो. अशा अटी चुकवून ११ टाकलेल्या पीसीवर महिन्याचे अपडेट मला येतात, पण २३एच२ वरून २४एच२ ही उडी आपोआप आली नाही, आयएसओ (विंडोजची पूर्ण इन्स्टॉल फाइल) उतरवून हातानेच करावी लागली. आणि अपडेट एरर देत असेल तर आधी घड्याळ बघा. माझ्या पीसीत २००९ साल चालू होतं, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला.

—

वरची सगळी मंडळी हुशार आहेत, मी दुकानदार. भांड्यांचं दुकान, बिलिंग डॉसच्या फॉक्सप्रोत (जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) बनवलेलं, वडिलांच्या वेळेपासूनचं, ३२ बिट विंडोज १० वर झकास चालायचं. भाच्याने प्रेमाने ११ टाकून दिलं. सकाळी शटर उघडलं, बिलिंगवर क्लिक केलं तर काहीच नाही. ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्यावर असले १६ बिटवाले जुने प्रोग्राम चालत नाहीत, हे भाच्याला दुपारी कळलं. डेटा वाचला कारण फोल्डर पेनड्राइव्हवर होता. आता डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) प्रोग्राम उघडतोय, उधारीची यादी दिसतेय, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र हूं की चूं करत नाही. कोणी चालवून दाखवलाय का? तोवर बिलं हाताने फाडतोय.