मदत हवी आहे: सिंधुदुर्गातल्या शहरांची लोकसंख्या, तक्ता काही जुळत नाही

नकाशेवेडा

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा भिंतीवर लावण्याजोगा नकाशा करायचा आहे. त्यात शहरांची वर्तुळे लोकसंख्येच्या प्रमाणात लहानमोठी हवीत. २०११ च्या जनगणनेची पीसीए (प्रायमरी सेन्सस अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे गावशहरवार मूळ आकड्यांचा तक्ता) फाइल एक्सेलमध्ये उघडली आहे. अडचणी अशा:

१. लोकसंख्येच्या स्तंभाची बेरीज जिल्ह्याच्या आकड्याच्या कितीतरी पट येते.
२. देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी, कसई-दोडामार्ग या नगरपंचायती या नावांनी सापडत नाहीत.
३. सिंधुदुर्गनगरीचा आकडा कुठला धरायचा?
४. २०११ चे आकडे आता जुने झाले. २०२६ साठी अंदाज कसा काढावा? इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा दिसतो.

जाणकारांनी कृपया सांगावे. नकाशा छापायला जाण्याआधी आकडे पक्के हवेत.

दशमान

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. त्या फाइलीत एकच माणूस पाच-सहा ओळींत मोजलेला असतो. जिल्ह्याची ओळ, तालुक्याची ओळ, गावाची किंवा शहराची ओळ आणि शहर असेल तर खाली प्रभागांच्या ओळी. शिवाय जिल्हा आणि तालुका या दोन्ही पातळ्यांवर एकूण, ग्रामीण, नागरी अशा तीन तीन ओळी. सगळा स्तंभ सरसकट जोडला की असेच होणार.

असे करा:

लेव्हल या स्तंभाला फिल्टर लावून फक्त टाऊन आणि व्हिलेज ठेवा. वॉर्ड, सब-डिस्ट्रिक्ट, डिस्ट्रिक्ट काढून टाका. आता बेरीज ८,४९,६५१ आली पाहिजे. हा जिल्ह्याचा २०११ चा एकूण आकडा (पुरुष ४,१७,३३२ आणि स्त्रिया ४,३२,३१९). एकाचाही फरक पडला तर एखादी ओळ गळली आहे किंवा दुबार आली आहे, पुढे जाऊ नका.

मग फक्त टाऊन ठेवा. ही झाली तुमची शहरांची यादी.

आणखी एक. फाइल सीएसव्हीमधून घेतली असेल तर तालुक्याच्या कोडचा पुढचा शून्य एक्सेल खाऊन टाकतो. पुढे नकाशाच्या थराशी (तालुक्यांच्या हद्दींच्या फाइलीशी) जोडणी करताना एकही तालुका जुळत नाही आणि माणूस तासभर डोके धरून बसतो. आयात करतानाच कोडचे सगळे स्तंभ 'टेक्स्ट' करा. महाराष्ट्राचा कोड २७, सिंधुदुर्गाचा ५२९. शेजारचा ५२८ म्हणजे रत्नागिरी.

जोडणी कोडवरच करा, नावावर नको. सावंतवाडी, मालवण, वैभववाडी यांची रोमन स्पेलिंगे प्रत्येक फाइलीत वेगळी असतात, कुठे व्ही तर कुठे डब्ल्यू. बुद्रुक-खुर्द तर विचारूच नका.

खाडीपलीकडे

दशमान यांनी यादी दिली, पण त्या यादीत 'शहर' म्हणजे काय हे कळल्याशिवाय नकाशा चुकेल. नावापुढची अक्षरे वाचा. एम सीएल म्हणजे नगरपरिषद, एनपी म्हणजे नगरपंचायत. या दोन्ही कायद्याने शहर. सीटी म्हणजे सेन्सस टाऊन. तिथे कारभार ग्रामपंचायतीचा असतो, जनगणनेने फक्त आपल्या हिशेबासाठी त्याला शहर धरलेले असते.

सेन्सस टाऊनच्या तीन अटी, आणि तिन्ही एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: किमान ५,००० वस्ती, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि घनता चौरस किलोमीटरला किमान ४००. यात गोम अशी की २०११ ची यादी मोजणीच्या आधीच ठरवावी लागते. म्हणून ती २००१ च्या आकड्यांवर बेतली आणि तेव्हा किमान ४,००० वस्ती असलेली गावे तपासली. एखादे गाव २०११ मध्ये पाच हजारांच्या खाली असूनही यादीत दिसले तर चक्रावू नका.

तुमच्या कामाचे आकडे (२०११):

सावंतवाडी न. प. २३,८५१
मालवण न. प. १८,६४८
कणकवली नगरपंचायत १६,३९८
कुडाळ (तेव्हा सेन्सस टाऊन) १६,०१५
वेंगुर्ला न. प. १२,३९२

पाचांची बेरीज ८७,३०४. जिल्ह्याची नागरी लोकसंख्या १२.५९ टक्के, म्हणजे सुमारे १ लाख ७ हजार. मधले जे एकोणीस-वीस हजार उरतात ते बाकीच्या सेन्सस टाऊनचे. तुमच्या फिल्टरमध्ये त्या टाऊनची नावे आली नसतील तर यादी अपुरी आहे.

कुडाळ नंतर नगरपंचायत झाले. जुन्या तक्त्यात सीटी आणि आजच्या पाटीवर नगरपंचायत, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

नकाशेवेडा

बेरीज जुळली, ८,४९,६५१. धन्यवाद. मग देवगड-जामसंडेचे काय करू? वर्तुळ तर काढायलाच हवे.

खाडीपलीकडे

ती नगरपंचायत २०११ नंतरची आहे. वाभवे-वैभववाडी आणि कसई-दोडामार्गही तशाच. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे राज्य सरकारचे धोरण आले त्यातून त्या झाल्या. म्हणूनच काही ठिकाणी वस्ती अगदीच बेताची असूनही नगरपंचायत आहे.

उपाय एकच. नगरपंचायत स्थापनेची राजपत्रातली अधिसूचना काढा. तिच्या अनुसूचीत कोणती महसुली गावे आत घेतली ते असते. त्या गावांच्या २०११ च्या ओळी जोडा आणि नकाशाच्या तळटिपेत लिहा: '२०११ ची लोकसंख्या, आजच्या हद्दीनुसार'. गाव अर्धेच आत घेतले असेल, सर्व्हे नंबर देऊन, तर मात्र गावाचा पूर्ण आकडा जोडू नका. अशा वेळी प्रभागरचनेच्या अधिसूचनेला जोडलेला तक्ता बघावा, त्यात प्रभागवार लोकसंख्या असते आणि ती २०११ वरच बेतलेली असते.

महसुली गाव, ग्रामपंचायत आणि वाडी या तीन गोष्टींची गल्लत करू नका. जनगणनेचे एकक महसुली गाव. ग्रुप ग्रामपंचायतीत अशी दोन-तीन गावे असतात, आणि वाडीचा आकडा जनगणना छापतच नाही. 'आमच्या वाडीची लोकसंख्या इतकी' असे कुणी सांगितले तर ती ग्रामपंचायतीच्या नाहीतर आशाताईंच्या वहीतली नोंद समजा. उपयोगी असते, पण पीसीएच्या रांगेत बसवू नये.

सिंधुदुर्गनगरी: जिल्ह्याचे मुख्यालय असूनही तिथे नगरपरिषद नाही. वसाहत ओरोस बुद्रुक, रानबांबुळी आणि अणाव या गावांच्या जमिनीवर आहे. नकाशावर नाव सिंधुदुर्गनगरी लिहा, पण आकडा ओरोसचा देताय की तिन्ही गावांचा, ते सांगा. तिघांची बेरीज घेतली तर मुख्यालयापासून लांबच्या वाड्याही त्यात येतात आणि वर्तुळ फुगते. मी असतो तर फक्त ओरोस घेतले असते आणि मुख्यालयाला वेगळे चिन्ह दिले असते.

पाणीपट्टी

चौथ्या प्रश्नावर. पाणीयोजनांच्या अहवालांत अंदाजाची जी ठरावीक पाने असतात ती इथे आंधळेपणाने वापरू नका, असे निक्षून सांगतो. का, ते आकड्यांतच बघा.

जिल्हा: १९९१ ला ८,३२,१५२, २००१ ला ८,६८,८२५, २०११ ला ८,४९,६५१. म्हणजे आधी ३६,६७३ ची वाढ, मग १९,१७४ ची घट (उणे २.२१ टक्के). २०११ ते २०२६ म्हणजे दीड दशक.

अंकगणिती पद्धत, दोन दशकांची सरासरी घेऊन: सरासरी वाढ ८,७४९.५, दीडपट १३,१२४. उत्तर ८,६२,७७५.

अंकगणिती, पण फक्त शेवटचे दशक धरून: घट २८,७६१. उत्तर ८,२०,८९०.

भूमितीय, शेवटच्या दशकाच्या दराने: साधारण ८,२१,७००.

वाढीव वृद्धी पद्धत, जिला इन्क्रिमेंटल इन्क्रीज म्हणतात: दोन दशकांतल्या वाढींचा फरक उणे ५५,८४७. सरासरी वाढीच्या दीडपटीत हा फरक 'न × (न + १) ÷ २' ने गुणून मिळवायचा. न म्हणजे दशकांची संख्या, म्हणून दीड दशकासाठी १.८७५ ने गुणायचे. उत्तर ७,५८,०६२.

एकाच जिल्ह्याला ७.५८ लाखांपासून ८.६३ लाखांपर्यंत काहीही उत्तर येते. शेवटची पद्धत घसरते कारण हाताशी फरक एकच आहे आणि सूत्र तो पुढे वाढवतच नेते. वाढत्या शहराला ती ठीक. कोकणात, जिथे वाढीचे चिन्हच बदलले, तिथे ती वापरू नये. इंटरनेटवरच्या 'चालू वर्षाच्या' लोकसंख्या बहुतेक अशाच कुठल्यातरी सूत्राने, कित्येकदा राज्याचा वाढीचा दर लावून काढलेल्या असतात. मालवण घ्या. २००१ ला १८,६७५, २०११ ला १८,६४८. दहा वर्षांत सत्तावीस माणसे कमी. त्याला राज्याचा दर लावला तर कागदावर अडीच-तीन हजार माणसे नव्याने उगवतात.

केंद्राच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ साठी अंदाज काढले आहेत, पण ते राज्यपातळीचे. ते भागाकाराने शहरावर उतरवायचे नाहीत.

तुमच्या नकाशाला अंदाज हवाच कशाला? '२०११ जनगणना' लिहा आणि मोकळे व्हा.

नकाशेवेडा

पटले. पण एक शंका राहते. गणपतीत आणि मे महिन्यात ही गावे तुडुंब भरतात. २०११ च्या आकड्यात चाकरमानी धरलेले आहेत का?

पाणीपट्टी

नाहीत, आणि ते नियमानेच. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, मग १ ते ५ मार्चला फेरतपासणीची फेरी, आणि हिशेबाचा क्षण, म्हणजे लोकसंख्या ज्या वेळेची धरतात तो, १ मार्चच्या आधीच्या मध्यरात्रीचा. नेहमी त्या घरात राहणारा माणूस मोजणीच्या काळात थोडे दिवस जरी तिथे असला तरी त्याला तिथे धरायचे. जो संपूर्ण काळ बाहेर होता तो त्या घरात धरायचा नाही. मुंबईला नोकरी करणारा मुंबईत मोजला गेला, मग गावच्या रेशनकार्डावर आणि मतदारयादीत त्याचे नाव असो वा नसो. फेब्रुवारीत ना गणपती, ना शिमगा, ना शाळांची सुट्टी. म्हणजे हा आकडा जिल्ह्याच्या सुन्या दिवसांचा आहे.

बाहेर गेलेल्या पुरुषांचा ठसा लिंग गुणोत्तरात दिसतो. सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, रत्नागिरीत १,१२२. रत्नागिरीची घटही मोठी, १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९.

म्हणून मतदारयादीवरून लोकसंख्या काढण्याचा जुगाड इथे चालत नाही. यादीत नाव गावचे आणि माणूस डोंबिवलीला. आधारच्या नोंदींतही वारलेल्यांची आणि स्थलांतरितांची वजावट वेळेवर होत नाही.

दशमान

वर्तुळांबद्दल कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. त्रिज्या लोकसंख्येच्या प्रमाणात घेऊ नका, क्षेत्रफळ घ्या. सावंतवाडी वेंगुर्ल्याच्या १.९२ पट. त्रिज्या तितकी वाढवली तर वर्तुळ डोळ्याला पावणेचार पट दिसेल. १.९२ चे वर्गमूळ १.३९. वेंगुर्ल्याला त्रिज्या ४ मिमी दिली तर सावंतवाडीला साडेपाच मिमी, मालवणला ४.९, कणकवली आणि कुडाळ दोघांना साडेचारच्या आसपास. क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आकाराच्या असिस्टंटमध्ये 'सरफेस' निवडले आणि किमान मूल्य व किमान आकार शून्य ठेवले की हे आपोआप होते.

कणकवली आणि कुडाळ यांत फरक ३८३ चा. वर्तुळात तो दिसणार नाही. आकडे बाजूला छापा, नाहीतर दोन्ही तालुक्यांतली मंडळी आपलेच शहर मोठे म्हणून भांडत बसतील.

खाडीपलीकडे

एक राहिले. सावंतवाडीची वस्ती नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर माजगाव, चराठ्याच्या बाजूला पसरली आहे. रस्त्यावरून जाताना हद्द कुठे संपली ते कळतही नाही. २३,८५१ हा आकडा फक्त हद्दीच्या आतला. ही गावे सावंतवाडीत मिळवू नका, त्यांच्या ओळी वेगळ्याच ठेवा. नाहीतर जिल्ह्याची बेरीज जुळवताना पुन्हा दुबार येतील.

नकाशेवेडा

सर्वांचे आभार. २०११ चेच आकडे छापतो, नव्या नगरपंचायतींना तुटक रेषेची वर्तुळे आणि खाली तळटीप. पुढची जनगणना झाली की फाइल बदलावी लागेल, तेव्हा कोड तेच राहतील का?

दशमान

तसे गृहीत धरू नका. २००१ आणि २०११ चेही कोड वेगळे होते. येत्या जनगणनेचा हिशेबाचा क्षण १ मार्च २०२७ ठरला आहे, आणि तिच्यासाठी हद्दी गोठवल्या तेव्हा अस्तित्वात असलेल्या नगरपंचायती तिच्यात स्वतःच्या ओळीने येतील. आजच तुमच्या तक्त्यात दोन स्तंभ मोकळे ठेवा: एक नव्या कोडसाठी, दुसरा 'कोणकोणत्या जुन्या गावांची बेरीज' यासाठी. देवगड-जामसंडेच्या ओळीत त्या दुसऱ्या स्तंभात घटक गावांचे २०११ चे कोड आत्ताच टाका, अधिसूचना हाताशी आहे तोवर.