श्वेडागॉनला आपल्या वजनाएवढं सोनं देणारी राणी कोण?

गोदाकाठचा:
रविवारी आईला घेऊन पांडवलेणीला गेलेलो, पायऱ्या चढून दम लागला म्हणून ३ नंबरच्या लेण्यात टेकलो तर तिथल्या गौतमी बलश्रीच्या (सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई) शिलालेखावरून मित्राला आठवलं की ब्रह्मदेशातपण अशीच एक दानशूर राणी होऊन गेली, यांगूनच्या श्वेडागॉन स्तूपाला तिने आपल्या वजनाएवढं सोनं दिलं म्हणे. नाव काही त्याला आठवेना. माझं ब्रह्मदेशाचं ज्ञान रत्नागिरीच्या थिबा राजापाशी संपतं. ही राजाची बायको होती की स्वतः गादीवर?

तर्रीबाज:
सुवर्णतुलाच की मग, जिजाऊंची महाबळेश्वरला झालेली तशी.

जुनीपोथी:
शिन सॉबू. आणि दोन्ही, आधी राणी, मग राज्यकर्ती. जन्म १३९४चा, बाप दक्षिण ब्रह्मदेशातल्या पेगूचा, मोन लोकांचा राजा राझादरित. पंचविशीत विधवा झाली, पदरात तीन लेकरं. बाप गेल्यावर भाऊ गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठले, त्यात उत्तरेकडच्या आवाचा राजा थिहाथू सैन्य घेऊन उतरला, तर तह करताना भावाने १४२३ला हिलाच त्याला देऊन टाकली. तिकडे राणी शिन बोमे आधीच बसलेली, तिला ही सवत कशी चालेल! १४२५ला थिहाथूच मारला गेला, त्या कटात बोमेचा हात होता असं बखरी सांगतात. पुढे ४-५ वर्षांनी हिने दोन मोन भिक्खूंना हाताशी धरलं आणि होडीत बसून इरावदीतून थेट माहेर गाठलं.

तर्रीबाज:
बाई खमकी होती. पण सोन्याचं काय?

जुनीपोथी:
ते नंतर. १४५४ला घराण्यात गादीवर बसायला पुरुषच उरला नाही तेव्हा साठीला आलेली ही बसली. सोनं साधारण ४० किलो, वर्ख ठोकून स्तूपाला चढवलं. नंतर त्या दोन भिक्खूंतल्या धम्मझेदीला चीवर उतरवायला लावून जावई केला, कारभार त्याच्यावर टाकला आणि आपण श्वेडागॉनजवळ जाऊन राहिली. बलश्रीचा लेख बघा, लिहवून घेतला आईने आणि कौतुक सगळं पोराचं, हिने निदान स्वतःचं वजन तरी टाकलं 😄

गोदाकाठचा:
एक नंबर माहिती! आईला वाचून दाखवलं तर म्हणे ४० किलो म्हणजे अगदीच काटकुळी होती. आणि पोरांचं काय झालं विचारतेय.

जुनीपोथी:
मुलगा बिन्या वारू १४४६ला मामानंतर गादीवर आला, चारच वर्षं टिकला. धम्मझेदीला दिली ती तिचीच मुलगी.