यरीहो कुणाच्या बाजूनं वाचायचं?

माणकाठ (सातारा):
रविवारी आमच्या अभ्यासगटात बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय झाला. इस्राएल लोकांपुढं यरीहो शहराचा तट कोसळतो, मग पुरुष-बायका, पोरं-म्हातारी, गुरं, मेंढरं, गाढवंसुद्धा तलवारीखाली. चर्चा रंगली ती इस्राएलांच्या विश्वासावर. मेलेल्या कनानींबद्दल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल, कुणी अवाक्षर काढलं नाही. हा अध्याय शिकवणाऱ्यानं त्यांना टाळू नये, एवढंच माझं म्हणणं. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या इंग्रज वसाहतवाल्यांनी स्वतःला नवे इस्राएल मानलं. १६३७ मध्ये मिस्टिकला पेक्वॉट या मूळ अमेरिकन लोकांची वस्ती बायकापोरांसकट जाळली आणि त्यांच्या कप्तान अंडरहिलनं शास्त्राचा आधार देऊन त्याचं समर्थन लिहिलं.

वाईची लेक:
दादा, ग्रंथाला आरोपी करू नका. १९५० च्या दशकातल्या पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांच्या यरीहोतल्या उत्खननात त्या काळचा तट सापडलाच नाही. जे घडलंच नाही त्याचा जाब कुणाला विचारणार? आणि याच इस्राएलांची मिसरच्या गुलामीतून झालेली सुटका ऐकून अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी धीर धरला. दोष वापरणाऱ्याचा आहे.

माणकाठ:
ताई, यरीहोत घडलं नसेल, मिस्टिकला घडलं. आणि सुटका झालेल्यांना देवानं देऊ केलेली जमीन रिकामी नव्हती. ओसेज जमातीचे अभ्यासक रॉबर्ट वॉरियर यांनी १९८९ मध्ये नेमकं हेच मांडलं: मूळ अमेरिकन माणूस ही कथा वाचताना कनानींच्या जागी उभा असतो.

मिरजकर:
दुसऱ्यांच्या ग्रंथावरच का थांबता? खांडववन घ्या. कृष्णार्जुनांनी पळणारे जीवही सोडले नाहीत. मी ऐकलेल्या प्रवचनांत मयसभेचं वर्णन भरभरून येतं, होरपळलेले नाग येत नाहीत. आपल्या कटगुणच्या मातीतल्या फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त अवतारकथा बळीच्या बाजूनं वाचून दाखवल्या. ते धाडस आज का नाही?

वाईची लेक:
फुल्यांचं वाचन मला नैतिक म्हणून पटतं, इतिहास म्हणून नाही. हा फरक ठेवलाच पाहिजे, नाहीतर जो तो आपल्या सोयीचा इतिहास काढेल. आणि १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा? पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. पारध्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवायला इंग्रजांना कुठलंच शास्त्रवचन लागलं नाही, सरकारी कागद पुरला.

माणकाठ:
फरक ठेवा, माझी हरकत नाही. पण तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, यरीहो अजून वाचला जातो. पुढं नववा अध्याय आहे. गिबोनी हे कनानातलेच लोक जीव वाचवतात आणि इस्राएलांचे कायमचे लाकूडतोडे, पाणके होतात. या वेळी चर्चा त्यांच्यापासून सुरू करा, असं मी गटात सांगणार आहे. तुम्हीही या, विरोधात बोलायला या.