उच्चारचिन्हं नीट दाखवणारा फुकट फॉन्ट सुचवा

लोकलवासी: एमएच्या प्रकल्पासाठी भांडुपच्या आगरी बोलीची ध्वनिमुद्रणं आयपीएत, म्हणजे आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हांत, लिहून काढतेय. लॅपटॉपवर ठीक दिसतं, पण कलिन्याच्या झेरॉक्सवाल्याकडे फाइल उघडली की अर्ध्या चिन्हांचे चौकोनी डबे. ‘चाक’मधल्या च साठी टी-एसवर कमान लागते, ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. त्याच पानावर देवनागरीही हवी. पायरेटेड नको, गाईड कडक आहेत.

खिळेजुळारी: डोळे मिटून शारिस एसआयएल घे. बारीक टायपातही ट, ड, ण, ळ च्या चिन्हांच्या शेपट्या ओळखू येतात. विभागाला टाइम्सच हवा असेल तर तसाच दिसणारा डूलोस एसआयएल, फक्त त्यात ठळक-तिरपं नाही. जेंटियम तिघांत देखणा. सगळे ओपन फॉन्ट लायसन्सचे. छापा, वाटा, पीडीएफमध्ये घाला.
कमान टी आणि एसच्या *मध्ये* टाइप करायची. दोन्हींनंतर टाकलीस तर ती एस आणि पुढच्या अक्षरावर चढणारच. आणि खूण नेमकी कुठे बसवायची हे फॉन्टातच भरलेलं असावं लागतं, बऱ्याच फॉन्टांत नसतं.

उगाच_एक: आगरीत ण चा न, ळ चा ल. निम्म्या शेपट्यांची गरजच संपली की!

लोकलवासी: ट-ड कुठे ठेवू मग? :)

कलिनाकट्टा: शारिसला +१. फॉन्ट पारखायचा तर ‘आम्ही’ लिहून बघा. म्ह साठी एमपुढे वर चढवलेला, आकडीवाला छोटा एच लागतो. तो युनिकोडात (संगणकावरच्या सगळ्या अक्षरांच्या यादीत) आयपीएच्या गटात नाही, पुढच्या गटात आहे, म्हणून काही फॉन्टांत बाकी सगळं असून हा नसतो. मग वर्ड गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून उसना आणतं आणि ओळ बेढब दिसते. सुपरस्क्रिप्टचं बटण दाबून साधा एच वर चढवू नका, मजकूर दुसरीकडे चिकटवला की तो खाली उतरतो.
देवनागरीला आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मुक्त’ (Mukta) हा फॉन्ट घ्या. ‘वऱ्हाड’ आणि ‘ॲप’ लिहून बघा, मगच पक्का करा.

खिळेजुळारी: आणि झेरॉक्सवाल्याला वर्डची फाइल देऊच नकोस. त्याच्याकडे हे फॉन्ट कुठून असणार? घरीच पीडीएफ काढ, प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक फॉन्टापुढे ‘एम्बेडेड’ दिसतंय का बघ.

लोकलवासी: कमान बसली! आता दर चिन्ह कॉपी-पेस्ट करून बोटं दुखतात, त्याला काही?

कलिनाकट्टा: कीमन हे टायपिंगचं सॉफ्टवेअर टाका, त्यात आयपीएचा कीबोर्ड मिळतो. तोही फुकट.