शब्दचर्चा : गरीब, दरिद्री, निर्धन, दुर्बल, वंचित
(दवणा, तळटीप, सेतुबंध आणि हातावर पोट ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची टोपणनावं.)

दवणा : बातम्यांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. शाळाप्रवेशाच्या अर्जात मात्र ‘वंचित गट’ आणि ‘दुर्बल गट’ असे दोन वेगळे पर्याय असतात. बोलीत यांत फरक आहे का? आणि कागदोपत्री नेमका काय आहे?

तळटीप : आधी बोलीचं बघू. ‘गरीब’ अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ परका, परमुलखातला. मराठीत त्याला मवाळपणा चिकटला: गरीब गाय, गरीब स्वभावाचा मुलगा. त्यामुळे ‘आम्ही गरीब माणसं’ असं स्वतःबद्दल सहज म्हणता येतं. ‘आम्ही दरिद्री’ असं मात्र कुणी म्हणणार नाही. संस्कृत धातुपाठात ‘दरिद्रा दुर्गतौ’ आहे, म्हणजे फक्त हलाखी. पण मराठीत ‘दरिद्री लक्षण’ म्हटलं की दोष माणसाच्या वळणावर येतो. सरकारी भाषेने रेषेला नाव देताना नेमकं ‘दारिद्र्य’ उचललं: दारिद्र्यरेषा. गावात लोक तो भाग गाळूनच बोलतात: ‘रेषेत नाव आहे का?’ किंवा सरळ ‘बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचे) आहे का?’ हे गाळणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

‘वंचित’ संस्कृत ‘वञ्च्’ धातूवरून, म्हणजे फसवणे. ‘वंचना’ही तिथलीच. वंचित म्हणजे ज्याला त्याच्या वाट्याचं मिळू दिलं गेलं नाही तो. न देणारा कुणीतरी त्या शब्दातच उभा आहे. ‘दुर्बल’मध्ये तो दिसत नाही, बळ कमी आहे एवढंच कळतं. ‘निर्धन’ तर फक्त पैशापुरता.

सेतुबंध : कागदोपत्री हा फरक पाळलेला आहे, आणि तो न कळल्याने मुलांच्या जागा जातात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा या दोन गटांसाठी असतात. महाराष्ट्रात ‘वंचित’मध्ये अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटके, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग बालकं वगैरे येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. ‘दुर्बल’मध्ये पालकांचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं आणि तहसीलदारांचा दाखला लागतो.

घोटाळा इथे होतो. आई रोजंदारीवर, घर पत्र्याचं, म्हणून अर्ज भरून देणारा ‘दुर्बल’वर खूण करतो. कुटुंबाकडे जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा नाही. सोडतीत नंबर लागतो आणि पडताळणीत अर्ज बाद होतो. ‘वंचित’वर खूण केली असती तर हातातला कागद पुरला असता. अर्ज भरायच्या आधी विचारायचा प्रश्न ‘तुम्ही गरीब आहात का’ हा नाहीच. ‘कोणता दाखला आज हातात आहे’ हा आहे.

दवणा : पण ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ला ८ लाखांची मर्यादा ना?

सेतुबंध : ते वेगळं प्रकरण, २०१९ च्या दहा टक्के आरक्षणाचं, म्हणजे ईडब्ल्यूएस. तिथे ८ लाखांच्या आत उत्पन्न, शिवाय ५ एकर किंवा जास्त शेतजमीन नको, १,००० चौरस फूट किंवा मोठी सदनिका नको. शहरी भूखंडाची मर्यादा वेगळी. तिसरा ‘दुर्बल’ धर्मादाय रुग्णालयात भेटतो, तिथे मर्यादा ३ लाख ६० हजार. एकाच विशेषणाच्या तीन मोजपट्ट्या आहेत. ‘दुर्बल घटकाचा दाखला काढून आणा’ एवढंच कुणी सांगितलं, तर तो माणूस कोणता कागद घेऊन येईल याचा नेम नाही.

आणखी एक जोडी लोक गोंधळतात. इतर मागासवर्गाच्या ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याच्या’ प्रमाणपत्रालाही (बोलीत नॉन-क्रिमीलेयर) ८ लाखच आहेत. पण तिथल्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, आणि सलग ३ वर्षं बघतात. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा सगळं धरतात, तेही मागच्या एका वर्षाचं. आकडा सारखा म्हणून हिशेब सारखा मानला की अर्ज फसतो.

हातावर पोट : १ लाखाच्या मर्यादेचा हिशेब करून बघा. रोज ३५० रुपये, महिन्याला २५ दिवस काम, बारा महिने: १,०५,००० रुपये. म्हणजे ज्याला वर्षभर खाडा न होता काम मिळालं, तो मजूर ‘दुर्बल’ राहत नाही. प्रत्यक्षात पावसाळा, आजारपण, काम न मिळालेले दिवस वजा होतात. पण ते कुठे लिहिलेले नसतात. पगारदाराकडे पगारपत्रक असतं. हातावर पोट असणाऱ्याचं उत्पन्न स्वयंघोषणा आणि तलाठ्याच्या अहवालावर ठरतं. अहवालात ‘रोज इतके’ याला सरळ ३६५ ने गुणलं, तर दाखला मर्यादेबाहेर जातो. म्हणून स्वयंघोषणेत वर्षातले कामाचे दिवस स्पष्ट लिहावेत.

तळटीप : ‘पिवळं कार्ड म्हणजे बीपीएल’ हे समीकरणही तपासायला हवं. राज्यात तिरंगी शिधापत्रिका १ मे १९९९ पासून आल्या: पिवळी वार्षिक १५,००० पर्यंत, केशरी त्यापुढे १ लाखापर्यंत, त्यावर पांढरी. १५,००० म्हणजे सगळ्या कुटुंबाला दिवसाला ४१ रुपये. ग्रामीण भागात ‘दारिद्र्यरेषेखालील’ म्हणजे २००२ च्या सर्वेक्षणाच्या यादीतला क्रमांक. त्यात १३ निकष होते, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. जमीन, घर, कपडे, कर्ज असं बरंच विचारलं गेलं. त्या यादीनंतर लग्न होऊन वेगळं बिऱ्हाड केलेला मुलगा आज कितीही ओढाताणीत असला, तरी त्याच्या नावाचा क्रमांक त्यात असणार नाही. पिवळं कार्ड आहे पण क्रमांक नाही, अशी घरं म्हणूनच सापडतात.

धान्यासाठी तर तिसरीच भाषा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अंत्योदय’ (सर्वांत गरीब) कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि ‘प्राधान्य कुटुंबा’ला माणशी ५ किलो. प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,०००, शहरात ५९,०००. त्यामुळे केशरी कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असेल तर धान्य मिळतं, नुसत्या केशरी रंगावर नाही. रंग बघू नका, शिक्का बघा.

दवणा : ‘निर्धन’ राहिला. तो पुस्तकी वाटतो.

सेतुबंध : पुस्तकी आहे, पण रुग्णालयात तोच उच्चारायचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा ‘निर्धन’ रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के ‘दुर्बल’ रुग्णांसाठी सवलतीने ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत. खिडकीवर ‘आम्ही गरीब आहोत, काहीतरी कमी करा’ म्हटलं की ती विनवणी होते आणि बिलात थोडीशी सूट देऊन बोळवण करता येते. ‘निर्धन रुग्ण योजनेत नोंद करा’ म्हटलं की समाजसेवा अधिकाऱ्याला कागद बघावे लागतात: तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड. हे दाखल होतानाच सांगावं. अंतिम बिल तयार झाल्यावर सांगितलं तर वाद वाढतो. रुग्ण तातडीचा असेल तर अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणं रुग्णालयावर बंधनकारक आहे, कागद नंतर देता येतात.