ग्राहकवार मोजणी म्हणे ‘दोन मिनिटांचं काम’

अक्कलकोटरोड: काल इथे एकाने लिहिलं, ‘कोणी कोणता माल किती वेळा वापरला हे काढायला पिव्हट लावा, दोन मिनिटांचं काम.’ राहवत नाही म्हणून लिहितोय. टॉवेल-चादरीच्या दुकानाचा डेटा मी तीन वर्षं सांभाळतोय. पिव्हट म्हणजे एक्सेलचा गोळाबेरीज तक्ता, तो साधा काउंट लावला की बिलातल्या ओळी मोजतो. आणि बिलातली ओळ म्हणजे एक वेळ नव्हे. पांढरे आणि निळे टॉवेल वेगळ्या ओळींत आले की काउंट दोन येतो, माणूस आलेला एकदाच. सहा नग एका ओळीत असले तर काउंट एक. मोजायचे असतात ते वेगवेगळे बिल नंबर. एक्सेलच्या पिव्हटमध्ये त्यासाठी डिस्टिंक्ट काउंट (तोच नंबर पुन्हा आला तरी एकदाच मोजणारा) लागतो, आणि पिव्हट बनवताना डेटा एक्सेलच्या आतल्या ‘डेटा मॉडेल’ या साठ्यात टाकल्याशिवाय तो पर्याय मिळतच नाही.

नवीपेठ: ते वाक्य माझंच. एवढं तापायला काय झालं दादा? एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाला प्रश्न विचारायच्या भाषेत, ग्रुप बाय ग्राहक, माल: प्रत्येक ग्राहक-माल जोडीचा एक गट. काउंट डिस्टिंक्ट बिल नंबर. संपलं.

अक्कलकोटरोड: संपलं कसं? ज्याने एकदाही घेतलं नाही तो कुठे गेला? ओळच नाही तर गट पडत नाही, शून्य दिसणार कुठून? ग्राहकांची यादी डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन करावं लागतं, म्हणजे बिल नसलेला ग्राहकही रिकाम्या ओळीने यादीत राहतो. तिथेही काउंट स्टार (‘सगळ्या ओळी मोज’) लावला की शून्याच्या जागी एक येतो, कारण रिकामी ओळही मोजली जाते. मी हीच चूक केली. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जत्रेच्या, आधी मालकांना सांगून बसलो की प्रत्येक ग्राहकाने एकदा तरी चादर नेलीय. ते म्हणाले, ‘मग मागच्या खोलीतले गठ्ठे कुणाचे?’ मान वर करता आली नाही.

चाटीगल्ली: दोघंही काउंटवर भांडताय, ग्राहक कोण ते ठरलंय का? आमच्या शेंगा चटणीच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा चटणी नेणारा निघाला काउंटरवरचा पोरगा! लोक मोबाइल नंबर देत नाहीत, सॉफ्टवेअर नंबराशिवाय बिल सोडत नाही, म्हणून तो स्वतःचा टाकायचा.

जुळेसोलापूर: देणार नाहीच! पाव किलो चटणीला नंबर कशाला? वडिलांनी एका दुकानात दिला, तेव्हापासून जेवायला बसले की कर्जवाल्यांचे फोन. 2023 च्या मे महिन्यात ग्राहक व्यवहार खात्याने व्यापारी संघटनांना कळवलंय, नंबराची सक्ती करू नका म्हणून.

चाटीगल्ली: सक्ती मी करत नाही ताई. पण जुनं गिऱ्हाईक ओळखायचं कसं?

जुळेसोलापूर: तोंड बघून ओळखा की! आमच्या आजोबांचा दुकानदार ओळखायचाच.

नवीपेठ: हजारो गिऱ्हाइकं तोंड बघून? काहीही बोलायचं का बे?

जुळेसोलापूर: ‘बे’ तुमच्या दोस्ताला म्हणा. आमच्या घरी एकाच नंबरावर सासूबाई, मी आणि जाऊबाई खरेदी करतो. तुमच्या यादीत तिघी मिळून एकच बाई.

चाटीगल्ली: हे मात्र खरंय. नंबर रिकामा सोडता येईल असं सॉफ्टवेअरवाल्याला सांगतो. ती बिलं ‘अनोळखी’ म्हणून वेगळी ठेवू, एका माणसाच्या नावावर चढवणार नाही.

जुळेसोलापूर: आणि ‘वापर’ म्हणू नका त्याला. आईने माझ्या लग्नात दिलेली चादर रोज पांघरते मी. त्यानंतर एकही घेतली नाही. तुमच्या तक्त्यात माझा वापर शून्य.

नवीपेठ: ‘बे’बद्दल माफ करा. ‘वापर’ खोडून ‘खरेदीची बिलं’ लिहितो. शून्याचंही मान्य, दादा. पण पिव्हट सोडणार नाही.